कोणी मागणारे हवे

अपंग स्त्रीला आपल्याकडे काहीच मिळत नाही, असे म्हणणे सत्यास धरून होणार नाही. तिला दया मिळते. दिवाळीला साडी मिळते, सरकारकडून दरमहा थोडेफार अर्थसाहाय्य मिळते, लग्नकार्यात भिंतीकडेची खुर्ची मिळते आणि ‘तू बस गं, उठू नकोस’ हे वाक्य तर दिवसातून दहा वेळा ऐकावयास मिळते. एक गोष्ट मात्र तिच्या वाट्यास सहसा येत नाही. तिच्याजवळ कोणी काही मागत नाही. मदत मागत नाही, सल्ला मागत नाही, वाटीभर साखरही मागत नाही. ज्या माणसाजवळ आयुष्यभर कोणी काही मागितले नाही, त्याच्या मनाचे काय होत असेल, या प्रश्नाभोवती आमचे हे चिंतन आहे.

आम्ही राज्य सरकारच्या सेवेत बत्तीस वर्षे काढली. त्यांतील बरीच वर्षे समाजकल्याणाच्या कामाशी निगडित होती. तीनचाकी सायकली, कुबड्या, शिलाई यंत्रे यांच्या वाटपाचे कितीतरी समारंभ आम्ही जवळून पाहिले. अर्जाच्या नमुन्यात अपंगत्वाचे कारण, त्याची टक्केवारी, कुटुंबाचे उत्पन्न, पालकाचे नाव असे रकाने असत. ते आवश्यकच होते. रकान्यांवाचून राज्यकारभार चालत नाही. परंतु अर्जदार स्त्रीचे मन त्या कागदावर कोठेच उतरत नसे.

२०११ च्या जनगणनेत देशात सुमारे २ कोटी ६८ लक्ष अपंग व्यक्तींची नोंद झाली. त्यांत स्त्रिया सुमारे १ कोटी १८ लक्ष होत्या. प्रकारवार पाहता हालचालीचे अपंगत्व असणाऱ्यांचा गट सर्वांत मोठा, सुमारे ५४ लक्षांचा होता. पुढे २०१६ साली नवा हक्क कायदा झाला, अपंगत्वाचे मान्य प्रकार एकवीस झाले, सरकारी नोकरीतील राखीव जागा शेकडा तीनवरून चारवर गेल्या. ‘पंगू’, ‘अपंग’, ‘विकलांग’ या शब्दांच्या जोडीला २०१५ च्या अखेरीपासून ‘दिव्यांग’ हा शब्द आला. शब्द अधिक सौजन्याचा झाला, ही चांगलीच गोष्ट होय. पण भिंतीकडेची खुर्ची भिंतीकडेच राहिली.

हा विषय आम्हास परका नाही. आमची धाकटी बहीण दोन वर्षांची असताना पोलिओने तिचे दोन्ही पाय गेले. ते १९६६ साल होते. देशव्यापी पल्स पोलिओ मोहीम सुरू व्हावयास अजून एकोणतीस वर्षांचा अवकाश होता. जानेवारी २०११ मध्ये हावड्यास या रोगाचा अखेरचा रुग्ण आढळला आणि मार्च २०१४ मध्ये भारत पोलिओमुक्त असल्याचे प्रमाणपत्र मिळाले. रोग गेला, मात्र त्याने गाठलेल्या मुली आज प्रौढ आणि वृद्ध झाल्या आहेत, आणि त्यांच्याविषयी वर्तमानपत्रांत आता काही येत नाही. आमची बहीण त्यांतलीच एक. आई होती तोवर तिचे सर्व काही आईने केले. नातेवाईक आईच्या त्यागाचे कौतुक करीत, आणि ते कौतुक बहिणीच्या समोरच चाले. कोणाच्या तरी त्यागाचा विषय होऊन राहणे हे काय असते, याची कल्पना आपणांसारख्या धडधाकटांस सहज येणार नाही.

‘अर्थ’ हा आपल्या भाषेतला मोठा गमतीचा शब्द आहे. अर्थसाहाय्यातला अर्थ निराळा आणि जगण्याचा अर्थ निराळा. या दुसऱ्या अर्थाचा औषधासारखा उपयोग करू पाहणारे वैद्य म्हणजे व्हिएन्नाचे मनोविकारतज्ज्ञ व्हिक्टर फ्रँकल. त्यांचा जन्म १९०५ चा. ज्यू असल्यामुळे १९४२ साली त्यांना कुटुंबासह छळछावणीत नेण्यात आले. ऑशविट्झसह चार छावण्यांतून जाऊन एप्रिल १९४५ मध्ये ते सुटले, तेव्हा आई, वडील, भाऊ आणि पत्नी यांपैकी कोणीही उरले नव्हते. दुसऱ्याच वर्षी त्यांनी त्या अनुभवावर लिहिलेले पुस्तक प्रसिद्ध झाले. इंग्रजीत ते ‘मॅन्स सर्च फॉर मीनिंग’ या नावाने जगभर वाचले गेले. त्यांच्या उपचारपद्धतीस लोगोथेरपी म्हणतात. ‘लोगोस’ या ग्रीक शब्दाचा त्यांना अभिप्रेत असलेला अर्थ म्हणजे ‘अर्थ’च.

फ्रँकल यांचा विचार थोडक्यात सांगावयाचा तर असा : माणसाला सुखापेक्षा, सत्तेपेक्षाही आपल्या जगण्याला काही अर्थ आहे ही खात्री हवी असते. तो अर्थ तीन वाटांनी सापडतो. आपण जगाला काही करून देतो, ती पहिली वाट. जगाकडून प्रेम, सौंदर्य, सत्य यांचा अनुभव घेतो, ती दुसरी. आणि जे टाळता येणारच नाही अशा दुःखासमोर आपण कसे उभे राहतो, ती तिसरी. या सर्वांच्या मुळाशी त्यांनी प्रश्नाची दिशाच उलटी केली आहे. आयुष्याने आम्हाला काय दिले, असे आपण विचारत बसतो. फ्रँकल म्हणतात, प्रश्न विचारणारे आयुष्य आहे आणि उत्तर देणारे आपण. आयुष्य आपल्याजवळ काहीतरी मागत असते. हे वाचले तेव्हा आम्हास प्रथम भिंतीकडेची ती खुर्ची आठवली. आयुष्य मागते, ते शेवटी माणसांच्याच तोंडून ना? मग जिच्याजवळ माणसांनी मागणे सोडून दिले, तिने ती हाक कोठून ऐकावी?

याच पुस्तकात एक प्रसंग आहे. फ्रँकल यांच्या रुग्णालयात एक आई दाखल होती. तिचा एक मुलगा अकराव्या वर्षी वारला होता आणि उरलेला थोरला मुलगा पोलिओमुळे चाकाच्या खुर्चीवर होता. त्याला घेऊन जीव देण्याचा तिने प्रयत्न केला, तो त्या मुलानेच हाणून पाडला. कारण त्याला जगावेसे वाटत होते. या आईला एका उपचारगटात बसविण्यात आले. आपण ऐंशी वर्षांच्या झालो असून मृत्युशय्येवरून मागे वळून पाहत आहोत, अशी कल्पना फ्रँकल यांनी तिला करावयास सांगितली. तेव्हा तिला उमगले की, या अपंग मुलाचे आयुष्य शक्य तितके भरीव करण्यातच आपल्या आयुष्याचा अर्थ होता. प्रसंग हृद्य आहे. तथापि आमच्या बहिणीने तो वाचून एकच शंका काढली. ‘त्या मुलाला कुणी विचारलं का, ऐंशीव्या वर्षी मागं वळून तू काय बघशील म्हणून?’ आम्ही निरुत्तर झालो. आईच्या आयुष्याचा अर्थ म्हणून अपंग मूल गोष्टीत येते. त्याचा स्वतःचा अर्थ गोष्टीबाहेर राहतो.

अलीकडच्या काळात या विचारास शिस्तबद्ध गट-उपचाराचे रूप मिळाले. न्यूयॉर्कच्या मेमोरियल स्लोन केटरिंग या कर्करोग रुग्णालयातील डॉ. विल्यम ब्राइटबार्ट यांनी बळावलेल्या कर्करोगाच्या रुग्णांसाठी आठ बैठकांची पद्धत बसविली. आठ-दहा माणसांचा गट, आठवड्यास एक बैठक, दीड तासाची वेळ आणि प्रत्येक बैठकीस एक विषय. आपण कोठून आलो व मागे काय ठेवणार, हा वारशाचा विषय फ्रँकल यांच्या तीन वाटांच्या जोडीस त्यांनी घेतला. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या चाचणीत २५३ रुग्ण होते आणि नुसता आधार देणाऱ्या गटापेक्षा या गटातील रुग्णांची निराशा अधिक उणावलेली दिसली. इराणमधील मानसशास्त्रज्ञांनी हा गट-उपचार अपंग स्त्रियांसह अनेक समूहांत वापरून पाहिला आहे. हे उपचार औषधांची जागा घेत नाहीत. ज्या स्त्रीस झोप नाही, अन्न नकोसे झाले आहे, जीव द्यावासा वाटतो, तिला विनाविलंब डॉक्टरांकडेच नेले पाहिजे. २०२२ च्या ऑक्टोबरात सुरू झालेली सरकारची ‘टेलि-मानस’ दूरध्वनी सेवा १४४१६ या क्रमांकावर आहे, ती अशा वेळी उपयोगी पडावी.

दोन वर्षांपूर्वीच्या हिवाळ्यात बेळगावात असा एक लहानसा गट जमला. मानसशास्त्राचे रीतसर शिक्षण घेतलेली एक तरुण समुपदेशक आमच्या परिचयाची होती. तिने विषय काढला. एका वाचनालयाने तळमजल्यावरची खोली शनिवारी दुपारी दिली. नऊ स्त्रिया आल्या. आमच्याकडे काम होते ते रिक्षांची व्यवस्था, उंबऱ्यावर टाकावयाची फळी आणि शौचालयात ठेवावयाची खुर्ची यांचे. या तीन गोष्टींवाचून कोणताही उपचार दारातच अडतो, हे अनुभवाने सांगतो. खोलीत पुरुषास मज्जाव होता आणि तेथे बोललेले तेथेच राहावे असा नियम होता. म्हणून पुढील मजकूर त्या स्त्रियांनी ‘हे लिहा’ म्हणून सांगितले तेवढाच आहे.

पहिल्या बैठकीत ओळख करून द्यावयाची होती. अट एकच, अपंगत्व कसे आले ते सांगावयाचे नाही. बराच वेळ कोणी बोललेच नाही. प्रत्येकीला आपली तीच एक कहाणी सांगण्याची सवय होती. डॉक्टरांना सांगितलेली, कचेरीत सांगितलेली, रेल्वेच्या डब्यात परक्यांनी विचारल्यावर सांगितलेली. ती वजा केल्यावर काय उरते, हा प्रश्न प्रथमच समोर आला. अखेर एक बाई म्हणाल्या, ‘मला डोळे मिटून सुईत दोरा ओवता येतो.’ खोलीत हशा पिकला आणि मग एकेक जण बोलू लागली. कोणी मराठीत, कोणी कानडीत, एक जण दखनी उर्दूत. आमच्या गावाला भाषांच्या भांडणांची सवय आहे. त्या खोलीत मात्र तिन्ही भाषा एकमेकींचे भाषांतर करीत बसल्या.

त्यांत एक बाई होत्या, त्यांनी नव्वदच्या दशकात अपंगांच्या कोट्यातून एसटीडी बूथ चालविला होता. मोबाईल आला आणि बूथ बंद पडला. त्या म्हणाल्या, पैशांपेक्षा एका गोष्टीचे वाईट वाटते. बूथवर रात्री अपरात्री लोक येत, कोणाचा बाप गेलेला असे, कोणाला मुलगा झालेला असे; पहिली बातमी त्यांना कळे, आणि रडणाऱ्याला पाणी त्या देत. ‘गल्लीला माझी गरज होती,’ असे त्यांचे शब्द. पंचवीस वर्षे हे त्यांनी कोणास सांगितले नव्हते, कारण कोणी विचारले नव्हते.

चौथ्या बैठकीत एक वेगळाच पेच आला. एक बाई उठून म्हणाल्या, ‘हे अर्थबिर्थ पोट भरलेल्यांसाठी. माझी पेन्शन चार महिने आलेली नाही.’ समुपदेशक मुलगी शहाणी. तिने त्या दिवशीचा विषय बाजूस ठेवला. आम्हास बाहेरून बोलावण्यात आले आणि त्या शनिवारी अर्थाच्या जागी अर्ज झाला. पेन्शन दोन महिन्यांनी सुरू झाली. त्या बाई गटात परत आल्या नाहीत. त्यांचे म्हणणे आम्हास आजही खोडून काढता येत नाही. फ्रँकल यांनीही स्पष्टच म्हटले आहे की, जे दुःख टाळता येते त्याचे कारण आधी दूर करावे. टाळता येण्याजोगे दुःख सोशीत बसणे ही वीरता नव्हे. पायऱ्यांना उतार करावयाचा नाही आणि पायऱ्यांखाली बसलेलीस सहनशीलतेचे महात्म्य सांगावयाचे, असे झाले तर अर्थोपचाराचा अनर्थच होईल.

गटात सर्वांत लहान मुलगी सव्वीस वर्षांची होती. विवाहानंतर वर्षभरातच अपघाताने तिच्या मणक्यास इजा झाली होती आणि ती माहेरी परत आली होती. तीन बैठका ती गप्प होती. पाचव्या बैठकीच्या शेवटी ती आमच्या बहिणीस म्हणाली, ‘आत्या, खुर्चीवरून पलंगावर एकटीनं कसं जायचं, मला शिकवाल का? घरात सगळे उचलतात, मला नको वाटतं.’ आमच्या बहिणीचे हात साठ वर्षे तिच्या पायांचे काम करीत आले आहेत. ही विद्या तिच्याइतकी कोणास येणार? त्या दिवसापासून दर मंगळवारी ती मुलगी आमच्या घरी येऊ लागली. पहिल्या मंगळवारी आमची बहीण सकाळपासून तयार होऊन बसली होती, आणि चहा उशिरा झाला म्हणून तिने घरातल्यांना फैलावर घेतले. ‘दादा, मला आज काम आहे,’ असे ती म्हणाली. हे वाक्य आमच्या घरात तिच्या तोंडून आम्ही पूर्वी ऐकले नव्हते.

सहाव्या बैठकीस प्रत्येकीने एक गोष्ट आणावयाची होती. आमचे घर वारकऱ्यांचे; बहिणीने कूर्मदासाची गोष्ट सांगितली. हातपाय नसलेला पैठणचा कूर्मदास सरपटत पंढरीस निघाला. माढा तालुक्यातील लऊळ गावी त्याचे अंग थकले, तेव्हा पांडुरंगच त्याच्या भेटीस तेथवर आला. देवाने त्याला पाय दिले नाहीत, देव स्वतः आला, हे या गोष्टीचे मर्म. त्यावर त्या सव्वीस वर्षांच्या मुलीने विचारले, ‘बाईची गोष्ट नाही का?’ कोणी कुब्जेचे नाव घेतले. पण तिला तर कृष्णाने सरळ केले. पुरुषाला देव आहे तसा भेटतो आणि बाईने मात्र आधी सरळ झाले पाहिजे, असाच याचा अर्थ की काय, यावर म्हणे पाऊण तास वाद रंगला. अखेर आमच्या बहिणीने भागवतातला क्रम आठवून दिला. कुब्जा कंसासाठी उटी घेऊन चालली होती. कृष्णाने तिला वाटेत थांबवून ती उटी मागितली. पाठ सरळ करण्याचे पुढचे. आधी त्याने मागितले, तिच्या वाकलेल्या पाठीकडे न पाहता तिच्या हातातल्या पात्राकडे पाहून मागितले. साऱ्या मथुरेत तिच्याजवळ असे काही मागणारा तोच पहिला असावा.

आमच्या शेजारच्या कोल्हापुरात याच तत्त्वावर एक मोठे काम उभे राहिले आहे. नसीमा हुरजूक ऐन शिक्षणाच्या वयात कमरेखाली लुळ्या झाल्या. स्वतः चाकाच्या खुर्चीवर असूनही उद्योग चालविणारे बाबूकाका दिवाण त्यांना भेटले आणि त्यांच्या आयुष्यास वळण लागले. पुढे १९८४ मध्ये त्यांनी ‘हेल्पर्स ऑफ दि हँडिकॅप्ड’ ही संस्था काढली. वसतिगृह, शाळा, सिंधुदुर्गात काजूप्रक्रियेचे केंद्र असा तिचा व्याप वाढला. ‘चाकाची खुर्ची’ हे त्यांचे आत्मचरित्र पुष्कळ मराठी घरांत वाचले गेले आहे. त्या पुस्तकाकडे आपण बहुधा जिद्दीची कहाणी म्हणून पाहतो. आम्हास त्यात दुसरे काही दिसते : एका अपंग माणसाने दुसऱ्या अपंग मुलीकडून अपेक्षा केली. सहानुभूती तिला पुष्कळांनी दिली असेल. तिच्यावर भार टाकणारे थोडे असावेत.

आठ बैठका संपल्या. नवांपैकी सहा जणी आजही महिन्याच्या पहिल्या शनिवारी जमतात. सगळ्यांची दुःखे दूर झाली, असे मुळीच नाही. बूथवाल्या बाईंची सांधेदुखी वाढली आहे. त्या मुलीच्या सासरचा प्रश्न न्यायालयात आहे. आमच्या बहिणीच्या खांद्यांना साठ वर्षांचा भार आता सोसवत नाही आणि काही रात्री तिला झोप लागत नाही. पण मंगळवारी ती आजारी पडत नाही, एवढे आम्ही पाहिले आहे.

आपल्या या जुन्या वसाहतींत मराठी मंडळे आहेत, वाचनालये आहेत, गणेशोत्सव आहेत, संक्रांतीचे हळदीकुंकू आहे. एखाद्या अपंग भगिनीस पहिल्या रांगेत बसवून शाल-श्रीफळ देण्याचा प्रघातही आता पडला आहे. त्यास आमची हरकत नाही. परंतु पुढच्या खेपेस शाल देण्याआधी तिला एखादे काम सांगून पाहावे. वर्गणीचा हिशेब तिच्याकडे द्यावा, पुस्तकांची यादी करावयास सांगावी, नवख्या सुनेला पुरणपोळी शिकवावयास सांगावी. त्यासाठी लागेल ती फळी, रिक्षा, खुर्ची आपण पुरवावी. आणि तिने केलेला हिशेब चुकला, तर इतर कोणासही सांगितले असते त्याच सुरात, ‘बाई, हे चुकले आहे, पुन्हा करा,’ असे तिला सांगावे.